रफूगाराने भरलेला फॉर्म

माझ्या धाकट्या भावाचं काम चांगलं झालं की ते कुणालाच दिसत नाही. कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असतं, स्वेटरला कसर लागलेली असते, नवी कोरी पँट खिळ्याला अडकून फाटलेली असते. तो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढतो आणि उभे-आडवे एकेक भरत बसतो. गिऱ्हाईक न्यायला आलं की कपडा दारातल्या उजेडात धरून भोक कुठे होतं ते शोधतं, आणि सापडलं नाही की हसतं. भोक कुठे होतं हे आपण होऊन सांगायचं नाही, हा भावाचा नियम. मी एकदा एका बाईंना बोट लावून दाखवलं, तर स्वारी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

माझं काम नेमकं उलटं. दुकान आम्हा दोघांचं. पुढे धुलाई-इस्त्रीचा काउंटर, तो माझा. मागे खिडकीपाशी त्याचं टेबल. कपडा आत येताना मी तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उलटासुलटा करते आणि चिठ्ठीवर लिहिते: डाव्या बाहीला डाग, दोन बटणं नाहीत, अस्तर उसवलेलं. चिठ्ठी कपड्याला टाचून ठेवायची. नाहीतर नेताना माणूस छातीठोकपणे सांगतो की हा डाग तुमच्याकडेच पडला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांतल्या उणिवा लिहून माझी जीभही तशीच झाली आहे, असं भाऊ म्हणतो. म्हणू दे बापडा.

दुकानाच्या वर दोन खोल्यांत तो, भावजय आणि त्यांची मुलगी राहतात. खाली, जिन्यासमोरच्या खोलीत मी. भावजय बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते, त्यामुळे सकाळ सगळी भावाच्या वाट्याला. मुलगी नऊ वर्षांची, तिसरीत. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, खरं नाव फक्त हजेरीपटापुरतं.

भिंगरी एका जागी बसलेली मी पाहिलीच नाही. खुर्चीत असली तरी एक पाय खुर्चीवर, एक लोंबकळता, आणि तोंडाची टकळी चालू. दात घासायला पाठवावं तर ब्रश तोंडात धरून ती पलंगाखाली सापडायची, कारण पलंगाचे स्क्रू कसे बसवलेत ते तिला पाहायचं असायचं. एक बूट घालून दुसरा शोधायला गेलेली पोर दहा मिनिटांनी खिडकीत असायची. बुटाचा पत्ता नसायचा, पण समोरच्या छपरावर किती कबुतरं बसलीत ते तिला अचूक माहीत असायचं. मला ती फार आवडायची. पण खरं सांगायचं तर, बापाने डोक्यावर बसवून ठेवली आहे असंही वाटायचं, आणि ते मी वेळोवेळी बोलूनही दाखवायची.

शाळेत या गोष्टीचं कौतुक कोण करणार? वर्गबाई तशी समंजस होती, पण तिच्यासमोर चाळीस पोरं. वह्या अर्ध्या, गणिताची पहिली ओळ बरोबर आणि पुढे कोरं पान, दुसऱ्याचं उत्तर आधीच ओरडून मोकळी, रागावलं की ढसाढसा रडणार. डोळे तपासले, कान तपासले, दोन्ही ठणठणीत. शेवटी मुख्याध्यापिकेने भाऊ-भावजयीला बोलावून सांगितलं की लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलपणाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. तसं निघालं तर तिला परीक्षेत जादा वेळ देता येईल, मदत देता येईल. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तिसरीत बसवावं लागेल.

ती हे घरी कुणाकडून ऐकून बसली होती कोण जाणे. एका दुपारी काउंटरवर पाय हलवत बसली होती. कपडे घ्यायला आलेल्या आजोबांनी सहज विचारलं, कितवीत गं तू? भिंगरी म्हणाली, "तिसरीत. पुढच्या वर्षी पण तिसरीत. मी ढ आहे ना." आपलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे असं सांगावं त्या सुरात. आजोबा कसनुसं हसले. पोरीने ते रडून म्हटलं असतं तर मी समजूत घातली असती, पण तिला ते पटलेलं होतं.

डॉक्टरांची वेळ भावजयीनेच मागून घेतली. ती फार बोलत नाही, पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी भेटीआधी भरायला दोन फॉर्म पाठवले, एक वर्गबाईंसाठी, एक घरच्यांसाठी. प्रश्न साधारण सारखेच. वस्तू हरवते का, सांगितलेलं काम अर्धवट सोडते का, बसल्या जागेवरून उठते का. पुढे चार चौकोन: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.

भावाने तो फॉर्म खिडकीशी बसून भरला. चष्मा पुसून, पेन कागदावर टेकवण्याआधी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून. मी मागून डोकावले. खुणांची सरळ रांग पहिल्याच चौकोनातून खाली उतरली होती. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. मध्ये कुठेतरी एक 'कधीकधी', तेही बहुतेक लाजेकाजेस्तव. भावजय पाळीवरून आली होती, डोळ्यांत झोप. तिने सही केली. चारचौघांत घराची शोभा झाली नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मीच ती, गिऱ्हाइकाच्या कोटावरचा शाईचा ठिपकाही न सोडणारी.

पहिल्या भेटीला आम्ही चौघं गेलो. बाहेरच्या खोलीत इस्पितळातली एक ताई भिंगरीला ठोकळ्यांशी खेळवत बसली. डॉक्टरबाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ कधी इकडे, कधी तिकडे पाहत राहिल्या.

"शाळेत जवळजवळ सगळं आहे," त्या म्हणाल्या, "आणि घरी काहीच नाही. हा त्रास असला तर तो सहसा दोन्हीकडे दिसतो. फक्त शाळेतच दिसत असेल तर शाळेत तिला कशाची भीती वाटते का, अभ्यास झेपत नाही का, ते आधी बघायला हवं. एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही. दोन आठवड्यांनी या."

भाऊ बाहेर आला तो खुशीत. "बघ ताई, काही निघालं नाही," म्हणाला. कधी नव्हे ते त्याने सगळ्यांना बाहेर चहा पाजला. भावजयीने कपाला हातही लावला नाही. बसची वाट पाहताना ती हळूच म्हणाली, "काही निघालं नाही, म्हणजे ती मठ्ठच आहे असंच ना झालं?" भाऊ रस्त्याकडे पाहू लागला. शाळेचं वर्ष संपायला महिना राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची किल्ली मागायला मी वर गेले. एरवी खालूनच हाक मारते. त्या दिवशी दारात उभी राहिले आणि प्रथमच तो सगळा कारभार पाहिला.

मोजे जोडीजोडीने टाचणी लावून ठेवलेले. पाण्याची बाटली दाराच्या कडीला, म्हणजे तिला ओलांडून जाताच येणार नाही. पेन्सिलींची पिशवी दप्तराच्या आत शिवून टाकलेली, तेही इतक्या बारीक टाक्यांनी की ती दप्तराबरोबरच विकत घेतली असं वाटावं. खणात सहा खोडरबर, सगळे सारख्या रंगाचे. एक हरवला की दुसरा तिच्या नकळत पिशवीत. भाऊ तिच्या मागे मागे फिरत होता. आता हा हात. आता तो हात. आता बटण. ती खिडकीकडे वळली की तिची मान अलगद पुन्हा इकडे. चिडणं नाही, ओरडणं नाही. बाहेर पडली तेव्हा पोर अशी टापटीप, की कुणीही म्हणावं, किती शिस्तीची.

संध्याकाळी गृहपाठाला ती त्याच्या टेबलाशी बसली. त्याचं एक बोट तिच्या ओळीवर. बोट उचललं की ती उठली. एका पानाला पावणेतीन तास लागले. त्याचं स्वतःचं काम, एका वकिलाचा कोट, तसाच पडून. ते तो सकाळी लवकर उठून करायचा हे मला तेव्हा कळलं.

पोर वर गेल्यावर मी विचारलं, "वस्तू हरवते का, याला तू काय लिहिलंस?"

"कधीच नाही. हरवतच नाही तिचं काही."

"हरवत नाही, की तू हरवू देत नाहीस?"

"एकच ना ते."

"एकच कसं असेल? अरे, कपडा देताना गिऱ्हाइकापुढे धरतोस ना, तसा तू तो फॉर्म भरलास. कपडा घेतानाच्या चिठ्ठीसारखा तो भरायचा होता. माझ्यासारखा."

भाऊ सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "म्हणजे काय करू? पोरीच्या उणिवा उघड्या करून लोकांना दाखवू?"

"डॉक्टर म्हणजे लोक नव्हेत," मी म्हटलं. तो कोट उचलून खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या पाठीवरूनच समजलं की बोलणं संपलं.

त्याचं संपलं, माझं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरवरचा चिठ्ठ्यांचा पॅड घेऊन सकाळ-संध्याकाळ त्यांच्या खोलीत ठाण मांडलं. जे दिसेल ते लिहायचं, एका गोष्टीला एक चिठ्ठी. दात घासायला तीनदा आठवण. बूट बापाने शोधला. डबा दारातून परत आणून दिला. चार ओळी लिहिताना अकरा वेळा उठली. आईचं बोलणं संपायच्या आत सात वेळा मध्येच बोलली. खोडरबर नवा. भाऊ माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. भिंगरीला मात्र मी सारखी तिथे असण्याची भारी मजा वाटत होती. तिला मी सांगून टाकलं की तुझ्या मदतीला डॉक्टरांना जे जे कळायला हवं ते लिहिते आहे. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग पलंगाखालचं पण लिही."

चौथ्या दिवशी मी इस्त्री करत होते. भाऊ पाठमोराच म्हणाला, "सकाळचं एक राहिलं तुझं. वेणी घालताना तिला गोष्ट सांगावी लागते, नाहीतर निम्म्यातून पळते." मी पॅडवरून नवी चिठ्ठी काढून ते लिहिलं. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने दोन लिहिल्या. अक्षर बारीक, ओळ सरळ. सहाव्या दिवशी पॅड संपला.

दुसऱ्या भेटीत मी तो गठ्ठा डॉक्टरबाईंपुढे ठेवला. मला वाटलं त्या हसतील, कारण प्रत्येक चिठ्ठीवर आमच्या दुकानाचं चित्र आणि 'रंग गेल्यास आम्ही जबाबदार नाही' असं छापलेलं. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. वाचून झालेली पालथी ठेवत गेल्या.

"हे सगळं रोज चालतं?"

"तिला जाग आल्यापासून झोपेपर्यंत," भावजय म्हणाली. "आणि हे आजचं नाही. बालवाडीपासून आहे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं."

मग त्यांनी पुष्कळ विचारलं. झोपेचं, खाण्याचं, घरातल्या भांडणांचं, ती चालायला कधी लागली, बोलायला कधी लागली. बाहेर जाऊन भिंगरीशी स्वतः अर्धा तास बोलल्या. वर्गबाईंना त्यांनी मधल्या काळात फोन केलेलाच होता. परत येऊन बसल्या आणि सांगितलं, की होय, मला हा एडीएचडीच वाटतो, म्हणजे शाळेने म्हटला तोच लक्षाचा आणि अतिचंचलपणाचा त्रास. मुलगी हुशार आहे. आळशी नाही, हट्टी नाही. लक्ष धरून ठेवणं, थांबणं, आपली आपण घडी बसवणं, हे तिच्या मेंदूला इतरांपेक्षा जड जातं. त्यावर उपाय आहेत, आणि ते आपण करू.

भाऊ खाली बघत होता. "माझ्यामुळे झालं का? मी सगळं हातात देत गेलो म्हणून?"

"नाही. लाडाने हा त्रास होत नाही. तुम्ही तिला आजवर सांभाळलंत. फक्त शाळेत तुम्ही शेजारी नसता, आणि तिथे तिला वाटतं की मला काहीच जमत नाही." मग त्यांनी थांबून विचारलं, "तुम्ही लहानपणी कसे होतात?"

मीच बोलले. सांगितलं की याला पाचवीतून शाळेने काढलं. वडील याला भिंतीकडे तोंड करून उभा करायचे, हलला की पट्टी, आणि तो हलतो का हे बघायचं काम माझं. मी प्रामाणिकपणे बघायची आणि प्रामाणिकपणे सांगायची. पुढे शेजारच्या एका म्हाताऱ्या रफूवाल्याने त्याच्या हातात सुई दिली. त्या एका कामात तो तासन्‌तास हलायचा नाही, म्हणून घरात सगळे म्हणायचे, बघा, मनात आणलं तर येतं की बसता. तीस वर्षांत मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, ते त्या खुर्चीत बसून वाटलं, आणि मी त्याच्यासमोरच ते म्हणून टाकलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, आणि आवडीच्या कामात अशी माणसं हरवून जातात हेही खरं. तुमचं मी आज काही ठरवू शकत नाही, पण तुम्हाला स्वतःला कधी तपासून घ्यावंसं वाटलं तर सोय आहे.

भाऊ बेचाळीस वर्षांचा आहे. त्याने विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हतो?"

"नाही," त्या म्हणाल्या.

त्याने रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि पुसतच राहिला. भावजयीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांचं काहीतरी त्याच्या खांद्यांवरून उतरलं, ते मी बघितलं. मलाही हायसं वाटलं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटली.

पुढचं काही जादूने झालं नाही. रोज सकाळी नाश्ता झाल्यावर एक लहानशी गोळी. पहिले काही दिवस दुपारची भूक मेली, डबा जसाच्या तसा परत. डॉक्टरबाईंनी मात्रा थोडी बदलली आणि दर भेटीला वजन-उंची बघायचं ठरलं. घरी एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही तिच्या डोळ्यांत बघून. पंधरा मिनिटं अभ्यास, मग घड्या केलेले कपडे मांडणीत ठेवायला तिने खाली यायचं, मग पुन्हा पंधरा मिनिटं. सकाळच्या कामांची चित्रं तिने स्वतः काढून दारावर चिकटवली. बुटांच्या चित्रात बूट तीन आहेत, का ते विचारायचं नाही. शाळेने कागद पाहून तिला पुढच्या बाकावर घेतलं, पेपराला जादा वेळ दिला, आणि बसून कंटाळली की वह्या गोळा करायचं काम दिलं. ती चौथीत गेली.

सगळ्यात अवघड गेलं ते भावाला. त्याला शिकायचं होतं हात मागे घ्यायला. पोर मोजा उलटा घालते आहे हे दिसत असताना गप्प बसणं, ही त्याच्या दृष्टीने शिक्षाच. मी त्याला सकाळी सरळ खाली बोलावून घ्यायची आणि काहीतरी उसवायला द्यायची. वरून धाडधाड आवाज यायचे, तो जिन्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायची. मग भिंगरी खाली उतरायची. वेणी वाकडी, पण दप्तर पाठीवर आणि दोन्ही बूट पायांत.

परवा पुन्हा इस्पितळात गेलो. औषधाचा कितपत उपयोग होतो हे बघायला तोच फॉर्म पुन्हा भरायचा होता. या वेळी भिंगरी बाहेर खेळायला गेली नाही. बापाला खेटून बसली आणि तो खुणा करत होता ते बघत होती. त्याने 'बऱ्याचदा'वर खूण केली तेव्हा मान डोलावली. 'कधीकधी'वर केली तेव्हा म्हणाली, "नाही बाबा, ते अजून बऱ्याचदा होतं." त्याने खोडून बदललं. मग एकदम तिने फॉर्म ओढून घेतला आणि बोट ठेवून स्वतः वाचायला लागली. पूर्ण पान, वरपासून खालपर्यंत. वाचून झाल्यावर डॉक्टरबाईंना विचारलं, "हे माझ्यासाठी लिहिलंय?"

"नाही गं. हा छापील असतो. सगळीकडे हाच देतात."

"पण यात सगळं माझंच आहे."

"कारण तुझ्यासारखी खूप मुलं आहेत. प्रत्येक शाळेत असतात. वर्गात एक-दोन तरी असतातच."

भिंगरीने फॉर्म खाली ठेवला. तिचे पाय हलायचे थांबले होते. तिच्या तोंडावर जे आलं ते मी कधीच विसरणार नाही. नऊ वर्षं पोर समजून चालली होती की जगात अशी ती एकटीच.

"मग आमच्या वर्गातलं दुसरं कोण?" तिने विचारलं.

भाऊ हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. डॉक्टरबाई म्हणाल्या ते शोधायचं काम मोठ्यांचं, तू त्यात पडू नकोस. भिंगरी हो म्हणाली. पण परत येताना बसमध्ये तिने बापाचा हात धरला होता आणि पहिल्या बाकापासून एकेक मुलगा, एकेक मुलगी आठवत चालली होती. चौथ्या ओळीत खिडकीशी एक मुलगी बसते, तिची पाण्याची बाटली कायम हरवलेली असते. "उद्या मी तिच्याशेजारी बसते," भिंगरी म्हणाली.